अडुसष्ट टक्के

मोनाचा आलेख माझ्या कुठल्याही आलेखापेक्षा चांगला होता. हे मला बघताक्षणी कळलं, आणि कळल्याबरोबर मी हातातला चहा बशीत ओतला आणि परत कपात ओतला. मंगळवारची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. जेवणाच्या टेबलावर तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला होता आणि ओढणीला हात पुसत ती माझ्या मागं उभी होती. पांढऱ्या पडद्यावर एक गडद निळी रेघ, आणि रेघेच्या दोन्ही अंगांनी तिच्याबरोबर चालणारा फिकट निळा पट्टा. इतका फिकट की मागच्या जाळीच्या बारीक रेषा त्यातून दिसत होत्या. रेघ शून्यापासून निघून खाली जात होती, तळाला टेकत होती आणि सावकाश वर येत होती, आणि पट्टा तिला दोन्हीकडून सांभाळून नेत होता. ‘‘कसा झालाय?’’ मोनानं विचारलं. ‘‘बघू दे तरी,’’ मी म्हणालो. खरं तर बघून झालं होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं होतं.

आता हा आलेख काय आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर माझं दुखणं कुणाला कळायचं नाही. इचलकरंजीत सुताचा भाव अचानक वाढला, म्हणजे बाजाराला एक धक्का बसला, तर यंत्रमागावरच्या कामगाराच्या मजुरीचं पुढच्या वर्षभरात काय होतं, ते ती गडद रेघ महिन्यामहिन्यानं दाखवते. आम्ही लोक याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतो. रेघ शून्याच्या खाली गेली म्हणजे मजुरी पडली. पण रेघ हा नुसता अंदाज. त्या अंदाजावर किती विसंबायचं ते पट्टा सांगतो. पट्टा अरुंद असेल तर खात्री जास्त, रुंद असेल तर कमी, आणि पट्टा शून्याच्या रेषेला शिवला की खेळ खलास, त्या महिन्यापासून पुढं छातीठोकपणे काहीच म्हणता येत नाही. मोनाचा पट्टा आठ महिने शून्याला शिवत नव्हता. तिच्या वडिलांनी इचलकरंजीत चाळीस वर्षं माग चालवले, आणि सूत महागलं की मालक पहिला हात मजुरीला घालतो, हे त्यांचं जन्मभराचं पालुपद. चहाला बसलेल्या कुणालाही ते हे ऐकवायचे आणि लोक मान हलवून विषय बदलायचे. ते आकड्यांत दाखवायचं म्हणून मोना सहा वर्षं पीएच.डी. करत होती. अकरा वर्षांचे महिनावार मजुरीचे दर तिनं शेडोशेडी फिरून, लोकांच्या जुन्या वह्या चाळून जमवले होते. परवा गुरुवारी तिचं शेवटचं सादरीकरण होतं. बाहेरच्या परीक्षकांपुढं ते झालं की प्रबंध सादर करायचा.

हे सॉफ्टवेअर तिला मी शिकवलं. हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. चौदा वर्षांपूर्वी ती आमच्या कॉलेजात तासावर शिकवायला आली, तेव्हा सबंध कोल्हापुरात हे काम येणारे आम्ही तिघं की चौघं होतो. गुळाच्या भावावरच्या माझ्या प्रबंधातले आलेख बघायला लोक स्टाफरूममध्ये यायचे. तेव्हा पट्टे नव्हते. मधे निळी रेघ आणि वरखाली लाल तुटक रेघा, बटण दाबलं की सॉफ्टवेअर आपोआप काढायचं. मोना माझ्या खुर्चीमागं उभी राहायची, आज उभी होती तशीच, आणि म्हणायची, ‘‘सर, परत एकदा दाखवा की.’’ मी परत एकदा दाखवायचो. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त कुठलं वाक्य आवडलं असेल तर ते हेच. लग्न झालं, सरचं अहो झालं, तरी या एका विषयात मी सरच राहिलो होतो. माझा प्रबंध झाला, नोकरी पक्की झाली, आणि त्यानंतर मी काही नवीन शिकलो नाही. मोना मात्र शिकत राहिली. ती कधी शिकत होती तेच मला कळलं नाही. घरात असायची, स्वयंपाक करायची, माझ्या आईला दवाखान्यात न्यायची, आणि मधल्या वेळेत कधीतरी ती माझ्या पुढं गेली होती.

‘‘रंग आरपार दिसतोय तो कसा केलास?’’ मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण गेलं तोंडातून. ‘‘अझीमसरांनी दाखवलं. त्यांनी त्यांचा एक नमुना दिलता, तोच घेऊन माझे आकडे भरले.’’ अझीम तिच्या विद्यापीठातल्या विभागात संख्याशास्त्र शिकवतो. पस्तिशीचा, सभ्य माणूस, दोन मुलींचा बाप, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता पडद्याकडे बघतो. त्याच्यावर संशय घ्यायला काही जागाच नव्हती, आणि याचाही मला राग आला. बायकोवरून जळणारा नवरा लोकांना समजतो, पेठेत तसे चिक्कार आहेत. मी बायकोवर जळत होतो. हे कुणाला सांगणार? इतक्यात आतून आई आली. माझी आई झुंबरबाई, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म शाहूवाडीतला, आवाज अजून खळ्यावरचा. तिनं चष्मा वर करून पडदा बघितला आणि म्हणाली, ‘‘ह्यो काय, पंचगंगा काढलीस व्हय गं? पुराची?’’ मोना हसली. ‘‘न्हाय ओ आई, मजुरीचा आलेख हाय.’’ ‘‘असंना का. झ्याक दिसतोय.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘आका, तुला जमतंय का रं असलं?’’ आई सहज म्हणाली. तिच्या दृष्टीनं मेथीची भाजी जमते का विचारावं तसा तो प्रश्न होता. ‘‘तिला कुणी शिकवलं?’’ मी म्हणालो. आईनं ‘‘बरं बरं’’ केलं आणि ती देवापाशी दिवा लावायला गेली.

मोना आमटीला फोडणी द्यायला आत गेली, आणि मी आलेखाकडे बघत बसलो. हेव्यानं माणूस आंधळा होतो म्हणतात. माझं उलटं झालं. इतकं बारकाईनं मी गेल्या कित्येक वर्षांत काही बघितलं नव्हतं. कुठंतरी काहीतरी खुपत होतं. दिवाळीत तिनं मला हाच आलेख जुन्या पद्धतीनं, लाल तुटक रेघांचा, दाखवला होता, आणि तेव्हा वरची तुटक रेघ तिसऱ्याच महिन्यात शून्याला टेकली होती. मोना तेव्हा दोन दिवस गप्प होती म्हणून माझ्या पक्कं ध्यानात राहिलं. आकडे तेच, महिने तेच, मधली रेघही तीच. मग पट्टा निम्म्यावर कसा आला? मी स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि तिनं सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या आज्ञांची फाईल उघडली. वरून एकोणिसाव्या ओळीत होतं ते. पट्ट्याची पातळी ०.६८. अडुसष्ट टक्के. आणि आलेखाखाली तिनं नीटनेटक्या अक्षरांत लिहिलं होतं, फिकट पट्टा ९५ टक्के विश्वासपातळीचा. पंच्याण्णव म्हणजे वीस वेळांत एकदा चुकायची मुभा. अडुसष्ट म्हणजे तीन वेळांत जवळजवळ एकदा. अडुसष्टचा पट्टा काढणं हा काही गुन्हा नाही, मोठमोठे लोक काढतात, पण ते खाली तसं लिहितात. अझीमच्या नमुन्यात तो आकडा होता, हिनं रंगाच्या नादात तसाच ठेवला, आणि खालची ओळ स्वतःच्या जुन्या आलेखावरून उचलली. पंच्याण्णव घातले असते तर पट्टा दुप्पट रुंद झाला असता आणि आठाचे दोन महिने उरले असते.

मला आनंद झाला. उगाच कशाला लपवू? उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं आतून गार वाटलं. मी फाईल बंद केली, आलेख पुन्हा समोर आणला, आणि मोना बाहेर येऊन म्हणाली, ‘‘काय चूक दिसती का सांगा हं. तुमची नजर हाय या कामात.’’ त्या क्षणी सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते, मी शपथेवर सांगतो. पण ‘तुमची नजर हाय’ असं म्हणताना तिनं पेल्यातलं पाणी माझ्यापुढं सरकवलं, म्हाताऱ्या माणसाला त्याच्या कामाची आठवण द्यावी तसं, आणि माझं मन फिरलं. ‘‘अक्षांवरची अक्षरं मोठी कर,’’ मी म्हणालो. ‘‘मागच्या बाकावरून दिसायची नाहीत.’’ ‘‘अगं बाई, ते माझ्या ध्यानातच आलं न्हवतं,’’ ती म्हणाली, आणि तिथल्या तिथं बसून तिनं अक्षरं मोठी केली. तिचा चेहरा उजळला होता. मी आमटीभात खाल्ला. आमटी चांगली झाली होती.

बुधवारी कॉलेजात दोन तास मोकळे होते. दार लोटून घेऊन मी माझे जुने गुळाचे आकडे काढले आणि पट्टा रंगवायला बसलो. मला दाखवून द्यायचं होतं. कुणाला, ते माहीत नाही. पट्टा आला, पण रेघच दिसेना. निळा रंग रेघेवर बसला होता, सारवताना खाली पडलेली सुई शेणात जावी तशी रेघ त्यात गेली होती. रंग फिकट करायला गेलो तर सगळा आलेखच पुसट झाला. दीड तास गेला. मग उमगलं की आधी पट्टा काढायचा असतो आणि वरून रेघ. एवढी साधी गोष्ट, पहिल्या वर्षाच्या पोराला कळावी अशी, आणि ती मला दीड तासानं कळली. बाहेर मैदानावर पेठेतल्या पोरांचा फुटबॉलचा सराव चालला होता आणि कुणीतरी कुणाला तरी आईवरून शिव्या देत होतं. मी माझा आलेख तसाच मिटवला. मोनाला हे कुणी सांगितलं असेल, अझीमनं की तिचं तिलाच कळलं असेल, याच विचारात मी घरी आलो. तिचं तिलाच कळलं असणार, हे मला आतून माहीत होतं. त्या संध्याकाळीही सांगता आलं असतं. ती साडीला इस्त्री करत होती. मी मनाशी ठरवलं, तिनं परत विचारलं तर सांगायचं. तिनं परत विचारलं नाही. तिनं कशाला विचारावं? मी बघितलं होतं ना.

गुरुवारी विभागाचा हॉल भरला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पहिल्या रांगेत, पांढरे केस, पुढ्यात वही. त्यांच्या शेजारी मोनाचे मार्गदर्शक सरनोबतसर. मी तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसलो, आणि मोना बोलायला लागली. ती उत्तम बोलली. कारखान्यांतल्या वह्यांबद्दल, सुताच्या भावाबद्दल, वडिलांबद्दल एकच वाक्य. मग तो आलेख आला आणि हॉलमध्ये ती एक हालचाल झाली, लोक खुर्चीत जरा पुढं येतात ती. माझ्या आलेखांना अशी हालचाल कधी झाली होती का, मी आठवत होतो. परीक्षक बाईंनी पेन उचललं. ‘‘पट्टा बराच अरुंद आलाय तुमचा,’’ त्या म्हणाल्या. आता. आता विचारतील आणि सगळं कोसळेल. ते कोसळावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि मोनाला वाचवायला तिच्या पुढं जाऊन उभं राहावं असंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. मोना शांतपणे म्हणाली, ‘‘अकरा वर्षांचा महिनावार डेटा आहे मॅडम, आणि वह्या मी स्वतः तपासल्यात.’’ बाईंनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. बस्स, एवढंच. मोनानं माझ्याकडे बघितलं आणि ती जरा हसली. मीही हसलो. चहाच्या वेळी सरनोबतसर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘आकारामराव, तुमचा हात दिसतो बरं का यात.’’ ‘‘नाही नाही, सगळं तिचंच,’’ मी म्हणालो. जवळपासच्या चारपाच जणांना तो माझा मोठेपणा वाटला.

म्हणजे माझं गप्प बसणंही फुकट गेलं. ती पडली नाही, उलट वर चढली. त्याच संध्याकाळी सरांच्या सांगण्यावरून तिनं आलेखासकट लेख एका नियतकालिकाकडे पाठवला, आणि शनिवारी आलेखाची रंगीत छापील प्रत घेऊन ती इचलकरंजीला वडिलांकडे गेली. मी सोबत गेलो, नाही म्हणायला कारण नव्हतं. खाटेवर बसून सासऱ्यांनी तो कागद उलटासुलटा बघितला. मोनानं त्यांना बोटानं एकेक महिना दाखवला. ‘‘बाबा, हे बघा, आठ म्हैनं. आठ म्हैनं मजुरी खाली ऱ्हाती. आता कुणी न्हाय म्हणू शकत न्हाय.’’ म्हाताऱ्यानं कागद गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केला. मग म्हणाला, ‘‘मी जलमभर सांगतोय की. कोण ऐकतंय?’’ आणि त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. शेजारच्या शेडमध्ये माग धडधडत होते, जमीन बारीक थरथरत होती. मोनानं तो कागद त्यांच्या उशाशी भिंतीवर चिकटवला. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. तेव्हा मात्र मला कसलाच आनंद नव्हता, आणि हेवा तेवढाच शिल्लक होता. माझ्या बापाला मी माझ्या प्रबंधातलं एक पानसुद्धा कधी दाखवलं नव्हतं.

सोमवारी सुट्टी होती. अकराच्या सुमाराला मी पेपर वाचत होतो, मोना टेबलाशी प्रबंधासाठी आलेख पुन्हा काढत होती. एकदम तिच्या बोटांचा आवाज थांबला. मी पेपर खाली केला नाही. मग ती म्हणाली, ‘‘अहो.’’ फक्त तेवढंच, आणि मला कळलं. ती रडली नाही. तिनं पंच्याण्णव घातले, पट्टा फुगला, तिसऱ्या महिन्यात शून्याला शिवला, आणि ती त्याच्याकडे बघत बसली. मग तिनं सरनोबतसरांना फोन लावला आणि उभ्यानं सगळं सांगितलं, चूक माझी हाय सर, अझीमसरांची न्हाय, मी आकडा बदलायला विसरलो. आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी मोनाही गेलो, आलो, विसरलो असंच म्हणते. सर बराच वेळ बोलत होते. पलीकडचे शब्द कळत नव्हते, स्वर कळत होता. फोन ठेवून तिनं नियतकालिकाला लेख मागं घेत असल्याचं पत्र लिहिलं, परीक्षक बाईंना वेगळं पत्र लिहिलं. दोन्ही पत्रं तिनं मला वाचून दाखवली. त्यांत कुठं सारवासारव नव्हती. असं पत्र मी आयुष्यात लिहू शकलो नसतो, हे ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, म्हणजे तेव्हासुद्धा मी तुलनाच करत होतो. ‘‘बाबांना सांगायला परत जायला पाहिजे,’’ ती म्हणाली. ‘‘दोन म्हैनं म्हणून. कागद काढायला पाहिजे भिंतीवरचा.’’

मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘तुम्हाला दिसलं न्हवतं व्हय?’’

आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला कळून चुकलं की माझ्यापुढं दोनच रस्ते आहेत. दिसलं होतं म्हणालो तर मी कोण ते तिला कळणार. दिसलं नव्हतं म्हणालो तर मला काही येत नाही असं तिला वाटणार. चौदा वर्षं मी ज्याच्या जिवावर तिचा सर होतो, तेच माझ्या हातानं द्यायचं. स्वयंपाकघरात आई लसूण सोलत होती आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. ‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्या लक्षातच नाही आलं.’’

मोनानं विश्वास ठेवला. तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना मी बघितलं. आधी थोडं आश्चर्य, मग ते आवरून घेतलेलं, आणि मग माया. माझ्याविषयी इतकी माया तिच्या डोळ्यांत मी बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. ‘‘असू दे,’’ ती म्हणाली. ‘‘किती वर्षं झाली तुम्हाला हे सोडून.’’ तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली, एक कोरा कागद घेतला आणि त्यावर रेघ काढली. ‘‘हे बघा. आई भाकरी थापतात. मधलं माप म्हणजे ही रेघ. शंभर भाकऱ्या केल्या तर त्यातल्या अडुसष्ट या मापाच्या एवढ्या जवळ येतात. पण पंच्याण्णव भाकऱ्या आत घ्यायच्या म्हटलं तर माप किती ढिलं करावं लागंल? जवळजवळ दुप्पट. तेवढंच हाय हे.’’ पेन्सिल आडवी धरून तिनं रेघेभोवती पट्टा हलक्या हातानं रंगवला. भाकरीचं उदाहरण मला इतक्या वर्षांत, इतक्या वर्गांपुढं, कधी सुचलं नव्हतं. ‘‘कळलं का?’’ तिनं विचारलं. कळलं म्हणालो असतो तर संपलं असतं. पण मला भीती वाटली की इतक्या लवकर कळलं म्हणालो तर तिला शंका येईल. म्हणून मी कागद जवळ ओढला, कपाळाला आठ्या घातल्या आणि वर्गातल्या सगळ्यात ढ पोरानं विचारावं तसं विचारलं, ‘‘मग पट्टा रुंद असलेला चांगला, का अरुंद?’’

मोना वैतागली नाही. तिनं दुसरा कागद घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.